मारुतीची तहान

आमच्या नानांची मोटार पाणी पिते, हा शोध मला लागला तो कोर्लईच्या किल्ल्याखाली, मे महिन्यातल्या दुपारी पावणेदोन वाजता. अलिबागला नानांना डॉक्टरांकडे नेऊन आम्ही काशीदला परतत होतो. रेवदंड्याची खाडी ओलांडली, पूल मागे पडला, आणि समोरच्या तबकडीवरचा उष्णतेचा काटा कुणीतरी हाक मारल्यासारखा उठून उभा राहिला. पाठोपाठ बॉनेटच्या फटीतून वाफ. मी मोटार कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि नानांकडे पाहिले. नाना शांतपणे म्हणाले, "ऊन आहे."

आमची मोटार म्हणजे मारुती ८००, १९९८ सालची. या जातीच्या पहिल्या मोटारीच्या किल्ल्या १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हातून गिऱ्हाइकाला मिळाल्या, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत आमच्यासारख्या किती घरांनी ती आयुष्यातली पहिली मोटार म्हणून ओवाळून घेतली असेल! मी तेव्हा एम.ए.च्या वर्गात होते. नाना तलाठी. तलाठ्याने मोटार घेतली की गावात लोक वेगळ्याच नजरेने पाहतात. म्हणून नानांनी कर्जाचे कागद महिनाभर खिशात बाळगले होते आणि न विचारणाऱ्यालाही ते दाखवीत. पंधरा वर्षे झाल्यावर २०१३ मध्ये, मग २०१८ मध्ये, मग २०२३ मध्ये, दर खेपेस तपासणी करून घेऊन त्यांनी तिची नोंदणी वाढवून आणली. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी या किनाऱ्यावर आले तेव्हा वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, किनाऱ्यावरची सुरूची झाडे मोडली, घरावरची कौले उडाली. मोटारीवर मात्र नारळाची एक झावळीसुद्धा पडली नाही. त्या दिवसापासून नाना तिला "मारुतीराय" म्हणू लागले.

तर कोर्लईच्या रस्त्यावर दोन-चार मंडळी लगेच जमली. मोटार बंद पडल्यावर जमणारी मंडळी सर्व देशांत सारखीच असावीत. "रेडिएटरचं झाकण उघडा, वाफ जाऊ द्या," असे प्रत्येकाचे म्हणणे. मला ती मारुतीच्या बेंबीची गोष्ट आठवली. एकाने देवळात मारुतीच्या बेंबीत बोट घातले, विंचू चावला, पण मागच्याने विचारल्यावर पठ्ठ्या म्हणाला, "गार वाटतं!" मग एकामागून एक सगळ्यांनी बोटे घातली. हे झाकण म्हणजे हुबेहूब ती बेंबी. आतले पाणी प्रेशर कुकरमधल्यासारखे दाबाखाली असते. दाब वाढला की उकळबिंदू चढतो. झाकणाने हवेच्या दाबावर आणखी नऊ दशांश बार इतका दाब धरला, तर साधे पाणीही शंभराऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळते. झाकण काढताच दाब जातो आणि ते सगळे पाणी त्याच क्षणी उकळी फुटून तोंडावर येते. मी झाकणाला हात लावला नाही आणि कुणाला लावू दिला नाही. पाऊण तास आम्ही एका झाडाखाली बसून राहिलो. समोरून दोन बायका बोलत गेल्या. शब्द ओळखीचे वाटत होते आणि नव्हतेही. कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून झालेली 'नौ लिंग' ही बोली अजून नांदते आहे, हे मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आले. कानांनी ऐकली ती त्या दिवशी, मारुतीच्या कृपेने.

झाडाखाली नाना गप्प होते. पायांतल्या चपला त्यांनी काढून ठेवल्या होत्या आणि घोट्याभोवती सूज दिसत होती. डॉक्टरही सकाळी त्या सुजेपाशीच अडले होते. नानांच्या हृदयाचा पंप कमजोर झाला आहे. अंगात पाणी साठते. त्यासाठी पाण्याची गोळी, दिवसाला मोजून दीड लिटर पाणी, आणि रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ताबडतोब कळवायचे, कारण इतक्या झटपट वाढते ते मांस नसते, पाणी असते. नानांची वही डॉक्टरांनी पाहिली. बासष्ट, बासष्ट पूर्णांक एक, बासष्ट, बासष्ट पूर्णांक एक. अक्षर मोत्यासारखे. डॉक्टर म्हणाले, "वही इतकी चांगली आहे, मग पाय असे का? काटा एकदा तपासून घ्या." मी "हो" म्हटले आणि विसरले, कारण दुपारी मोटारीने वाफ सोडली.

नंतरचा आठवडा मी त्या मोटारीमागे घालवला. जवळच्या एका गावातल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला: हेड गॅस्केट गेले, इंजिन उतरवावे लागेल, अठरा हजार. पुण्याहून भावाचा फोन आला: मोटार भंगारात द्या आणि नानांना इकडे घेऊन या, आता पुरे झाले. दोन्ही वाक्ये त्याने एका श्वासात म्हटली. नाना शेजारीच बसले होते आणि फोनचा आवाज मोठा होता. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "हिला पाण्याचा थेंब लागत नाही. मी रोज बघतो."

हेड गॅस्केट म्हणजे काय, ते मी तेव्हा शिकले. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे डोके यांच्यामध्ये बसवलेला तो एक पातळ पडदा. एका बाजूला पेट्रोलचा जाळ, एका बाजूला तेल, एका बाजूला पाणी. या तिघांना एकमेकांच्या घरात शिरू न देणे हे त्याचे काम. तो फाटला तर पाणी बाहेर न सांडताच नाहीसे होते: तेलात तरी शिरते, नाहीतर जाळात जाऊन मागच्या नळीतून पांढरा धूर होऊन निघते. निदान म्हणून हे वाईट नव्हते. पण मी जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेवर जन्म काढलेली बाई. प्रत हाताळल्याशिवाय निकाल मान्य करणे मला जमत नाही.

म्हणून मी रोज सकाळी तेलाची पट्टी ओढून पाहिली. पाणी मिसळलेले तेल दुधाच्या चहासारखे दिसते. आमचे काळेभोर आणि स्वच्छ होते. तेल ओतण्याच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय होती. तिने माझी एक रात्र खाल्ली. मग कळले की दमट हवेत मोटार थोडी थोडीच चालवली की अशी साय धरते, तिच्यावरून गॅस्केटला फाशी देता येत नाही. मागच्या नळीतून धूर नव्हता. गाडीखाली रात्रभर जुनी वर्तमानपत्रे पसरली. सकाळी त्यांवर मांजराची पावले होती, पाण्याचा डाग नव्हता. पायाखालची चटई चाचपली, कारण हीटर गळला तर पाणी आत येते आणि गाडीत गोडसर, पाक करपल्यासारखा वास सुटतो. (कूलंट चवीलाही गोड असते आणि जहाल विषारी, मांजरे-कुत्री ते चाटतात आणि मरतात, म्हणून ते उघडे ठेवू नये, हे येथेच सांगून टाकते.) चटई कोरडी, वास नाही.

आणि मुख्य म्हणजे पाणी कमी होतच नव्हते! मी मुरुडच्या बाजारात जात होते, नांदगावला जात होते, रोज काही ना काही निमित्ताने मोटार पळवीत होते. मुरुड जाऊन-येऊन पस्तीसएक किलोमीटर तर होतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, इंजिन गार असताना पाहावे तर बाटलीतले पाणी नेमके वरच्या रेषेवर. सात दिवसांत सात नोंदी, सातही सारख्या. तेव्हा माझा सिद्धांत असा झाला की गळती फक्त लांबच्या पल्ल्यावर होते. तो मी भावाला फोनवर समजावून सांगितला, आकड्यांसकट. तो म्हणाला, "मग गॅस्केटच."

आठव्या दिवशी बोर्लीचे मिस्त्री आले. साठीचा माणूस, मोटारसायकलला मागे लाकडी पेटी बांधलेली. मी त्यांना माझी वही वाचून दाखवली. त्यांनी ती, विद्यार्थी प्रस्तावना ऐकतात तशी, ऐकून घेतली आणि गार रेडिएटरचे झाकण काढले. आतल्या पाण्यात बोट बुडवले, अंगठ्यावर चोळले, उजेडात धरले.

"मॅडम, यात कूलंट कुठाय? कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं. हे निव्वळ पाणी आहे. आणि हे बघा." झाकणाच्या कडेला पांढरी खरखरीत कपची होती. "मिठाचं पाणी. मे महिन्यात इकडच्या विहिरी मचूळ होतात. रोज कोण घालतं पाणी?"

"कुणीच नाही," मी म्हटले.

नाना ओटीवर होते. त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. पेटीतून त्यांनी हातपंप काढला, झाकणाच्या जागी बसवला आणि सायकलमध्ये हवा भरावी तशी हवा भरली. घड्याळाचा काटा नऊ दशांशावर गेला. इंजिन गार, मोटार उभी, आणि तरीही आत जणू ती कोर्लईचा चढ चढते आहे इतका दाब. काटा हळूहळू उतरू लागला. मिस्त्री विजेरी घेऊन इंजिनाच्या पाठीमागे वाकले. तिथून हीटरकडून पंपाकडे एक लोखंडी नळी जाते. तिच्या गंजाखालून सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून पाण्याचा बारीक तुषार उडत होता. गरम असताना तो तापलेल्या इंजिनाच्या अंगावरच पडे आणि सुकून जाई. जमिनीवर डाग कुठून पडणार? गॅस्केट जागच्या जागी होते. तिन्ही प्लग काढून त्यांनी दाखवले. ज्या खान्यात पाणी शिरते त्याचा प्लग धुतल्यासारखा पांढरा निघतो, आमचे तिघेही सारखेच तपकिरी होते.

"कोकणात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं लोक म्हणतात," मिस्त्री पाने आवरत म्हणाले. "अहो, ते गंजाचंही औषध आहे. औषध बंद केलं आणि वरून खारं पाणी पाजलं, तर नळी किती दिवस टिकणार?"

ते नवी नळी आणायला गेले. मी स्वयंपाकघरात आत्याकडे गेले. आत्या नानांची धाकटी बहीण. विधवा झाल्यापासून इथेच असते.

"आत्या, मोटारीत पाणी कोण घालतं?"

आत्या नारळ खोवीत होती. हात न थांबवता म्हणाली, "पहाटे पाचला. तांब्या घेऊन. मला वाटलं तुला ठाऊक आहे. गेली दोन वर्षं घालतोय. आधी त्यात, मग बाटलीत, रेषेपर्यंत. चष्मा लावून."

माझ्या सात नोंदी! सातही नानांनी लिहिलेल्या. मी फक्त नकलून घेतल्या होत्या. मला स्वतःचा राग आला, तो धंद्याच्या अंगाने. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती पदरच्या ओव्या घालणाऱ्यांना कंटाळून, हे मी दर वर्षी सांगते. आणि दर वर्षी हेही बजावते की अशुद्ध पाठापेक्षा अतिशुद्ध पाठाची भीती धरा. जिथे एकही खाडाखोड नाही तिथे कुणाचा तरी हात फिरलेला असतो. नैसर्गिक गोष्ट थोडी तरी हलते. उन्हात, चढावर, वळणावर चाललेल्या मोटारीचे पाणी सात दिवस केसभरही हलत नाही?

हे मनात आले आणि खोवणीच्या त्या आवाजात मला दुसरी वही आठवली. बासष्ट, बासष्ट पूर्णांक एक, बासष्ट, बासष्ट पूर्णांक एक.

ती वही देवघराच्या फडताळात असते. मी सव्वा महिन्याची पाने पाहिली. शाई एक, उतार एक. पहिल्या आठवड्यात आकडे जिवंत होते: एकसष्ट पूर्णांक आठ, बासष्ट पूर्णांक चार, एका ठिकाणी खोडून दुरुस्त केलेला. मग एकदम ते एका रांगेत उभे राहिले होते. गोळ्यांची पाकिटे वहीखालीच होती. मोजली. असायला हव्या होत्या त्याहून एकोणीस गोळ्या जास्त होत्या.

आता नानांविषयी एक सांगितले पाहिजे. तलाठ्याची सारी अब्रू पीकपाहणीत असते. शेतावर जाऊन, उभे पीक डोळ्यांनी पाहून नोंद करायची. पण उन्हातान्हात बांधावर जाण्यापेक्षा चावडीत बसून रकाने भरणे सोपे. मी शाळेत असताना एका बड्या माणसाला खडकाळ वरकस जमिनीवर बागायत दाखवून हवी होती. कागदोपत्री पाणी दाखवा, एवढेच त्याचे मागणे. नानांनी दाखवले नाही. पुढे त्यांची बदली झाली आणि एक पूर्ण वर्ष आम्ही दोघे भावंडे इथे आत्याकडे राहिलो. त्या वर्षाबद्दल नाना कधी बोलले नाहीत, पण आम्ही ते विसरलो नाही. असा माणूस. आणि त्याने दोन वह्यांत खोटे पाणी दाखवले होते: एकीत नसलेले असल्यासारखे, दुसरीत असलेले नसल्यासारखे.

रागाने मी ओटीवर आले. काय बोलायचे ते जिन्यापासून जुळवीत होते. प्राध्यापकांना ही वाईट खोड असते. पण नाना मोटारीकडे पाहत बसले होते. तिचे बॉनेट उघडे होते, पंपाची नळी अजून तिच्या तोंडात होती. सुजलेले पाय त्यांनी धोतराखाली ओढून घेतले होते. फोनवर भावाने एका श्वासात म्हटलेली ती दोन वाक्ये मला तेव्हा नीट ऐकू आली.

मी शेजारी बसले आणि वही मांडीवर ठेवली.

"नाना, ही पीकपाहणी बांधावर जाऊन केलीत, की चावडीत बसून?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. वाडीतून रहाटाचा आवाज येत होता. मग म्हणाले, "चावडीत बसून."

"गोळी?"

"रात्री चारदा उठावं लागतं. पायरीवर एकदा पडलो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला पुण्याला नेलं असतं. चौथ्या मजल्यावर." थोडे थांबून त्यांनी मोटारीकडे हात केला. "आणि हिला भंगारात."

मी काटा आणला. नाना त्यावर उभे राहिले. आकडा त्यांनी स्वतः वाचला आणि स्वतः लिहिला. पासष्ट पूर्णांक चार.

डॉक्टरांना तिथूनच फोन केला. त्यांनी उद्या सकाळीच घेऊन या म्हणून सांगितले. मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंत नळी बदलली, आतले खारे पाणी दोनदा धुऊन काढले, मग कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध केलेले पाणी निम्मे-निम्मे भरले, इंजिन चालू ठेवून आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर जाऊ दिली आणि झाकणही नवे लावले. सगळे मिळून दोन हजारांच्या आत. पैसे घेताना ते नानांना म्हणाले, "भाऊसाहेब, आता हिला तांब्या दाखवू नका." म्हणजे त्यांना पहिल्या मिनिटातच सगळे कळले होते.

सकाळी त्याच मोटारीने आम्ही अलिबागला गेलो. नानांना तीन रात्री तिथे राहावे लागले. गोळी घ्यायची वेळ डॉक्टरांनी सकाळवर आणली. सकाळीच घेतली असती तर रात्रीचे उठणे टळले असते, आणि हे एका वाक्यात विचारून घेता आले असते. पण ते वाक्य कुणी कुणाला विचारलेच नव्हते. परतताना मी तबकडीवरच्या काट्याकडे इतकी पाहत होते की चौलपाशी नाना म्हणाले, "रस्त्याकडे बघ." काटा मध्यावर होता. कोर्लईच्या त्या झाडापाशी आम्ही थांबलो नाही.

भावाशी माझे चांगलेच वाजले. शेवटी पावसाळ्यापुरते असे ठरले की नाना काशीदलाच राहतील, काटा आत्या वाचेल आणि रोज सकाळी साडेसातला नाना मला फोन करतील. पावसाळा गेला, दिवाळी आली, ठरावाची मुदत संपल्याचे कुणी काढलेले नाही. मी कॉलेजला निघण्याच्या गडबडीत असते; पलीकडून आधी समुद्राचा आवाज येतो, मग नानांचा.

"बासष्ट पूर्णांक सहा. काल मीठ जास्त झालं, तुझ्या आत्याचा हात. बाटली रेषेखाली बोटभर."

"पाणी घातलंत?"

"नाही."

मी वाट पाहते. तलाठ्याला नोंद पुरी करायला वेळ द्यावा लागतो.

"परवा एक फुलपात्र घातलं. बॅटरीचंच."